बधिर बोट

मला कुष्ठरोग झाला होता. हे वाक्य मी पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण ते घशात अडकवून जगणारी माणसं मी पाहिली आहेत आणि दोन महिने मी स्वतः त्यांच्यातलीच एक होते. आजार आता बरा झालाय. गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपून चार महिने झाले. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र पूर्ण परत आलेली नाहीत. आणि मी गिटार वाजवते. हे सगळं एकाच वेळी खरं आहे. ज्यांना कालच निदान कळलंय, त्यांनी यातलं एकच वाक्य उचलून रात्रभर उराशी धरू नये. सगळी एकत्र वाचावीत.

शुद्धलेखन

नाशिकरोडला आमचा छोटा छापखाना आहे. पप्पा चालवतात, सभांमधून भाषणंही करतात. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, पत्रकं मनासाठी. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. शिष्यवृत्ती अडली, पाणी आलं नाही, वस्तीत दारूचं दुकान निघालं, की आमच्या मशीनवर कागद चढायचा. "ही पोरगी 'आई' म्हणायच्या आधी 'जाहीर निषेध' म्हणाली," असं आई अजून पाहुण्यांना सांगते.

बारावीपासून प्रुफं मी तपासते. लाल पेन हातात आलं की माझ्या अंगात येतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला अन्यायासारखं वाटतं. गावठी शब्द दिसला की मी त्याच्या जागी नीट शब्द बसवायची. पप्पा म्हणायचे, "प्रज्ञा, मजकूर त्यांचा आहे." मी म्हणायची, "कागद आपला आहे."

गिटारमध्येही माझं हेच. सोनवणे सरांच्या क्लासला जायचे. टायरच्या दुकानावरची एक खोली, खालून रबराचा वास, वर आठ खुर्च्या. मी फक्त बोटांनी वाजवायची. तारा छेडायची पिक नाही, वायर नाही, अ‍ॅम्प्लिफायरचं खोकं नाही. लाकूड, सहा तारा आणि दहा बोटं. अंगठ्यानं खालचे सूर चालते ठेवायचे आणि उरलेल्या बोटांनी वरती गाणं विणायचं. दोन माणसं वाजवतायत असं वाटलं पाहिजे. लहानपणापासून ऐकलेली चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी मी अशी बसवली होती.

सरांच्या भिंतीवर एक लाल इलेक्ट्रिक गिटार टांगलेली असायची. त्यांना ब्लूज नावाचं परदेशी संगीत आवडायचं. मी त्याला 'तीन कॉर्डचं रडगाणं' म्हणायची.

"तू अजून नीट रडली नाहीस म्हणून," सर म्हणायचे.

"सर, वायर लावून वाजवणं म्हणजे लाउडस्पीकरवर भाषण."

"मग तुझे पप्पा कशावर करतात?"

मी खाली मान घालून तारा जुळवायला लागायची, पण हरले असं मान्य करायची नाही.

दुखायचं थांबलं

गिटार शिकताना पहिले काही महिने बोटांची टोकं सोलवटतात. पोलादी तारा दाबून फोड येतात, मग घट्टे पडतात. प्रत्येक नव्या पोराला सर एकच गोष्ट सांगत: "दुखायचं थांबलं की समजायचं, बोट तयार झालं." आम्ही एकमेकांचे घट्टे चाचपून पाहायचो. ज्याचे जाड, तो पुढे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी माझी डावी करंगळी दुखायची थांबली. अजिबात. करंगळी हे गिटारवाल्यांचं सगळ्यात आळशी बोट. मी ते सरांना अभिमानानं सांगितलं. सर म्हणाले, "शाब्बास." त्यांची चूक नव्हती. आमच्या सगळ्यांच्या हिशेबानं ती बढतीच होती.

कोपराच्या खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला एक फिकट चट्टा होता. उन्हानं आला असेल, असं मी म्हणाले. आईनं विचारलं, "खाजतं का? दुखतं का?" "नाही." "मग जाऊ दे."

आपल्याकडे घराघरात हीच तपासणी असते. दुखतं का, नाही ना, मग झालं.

जयंतीच्या आठवड्यातल्या एका कार्यक्रमात मी वाजवत होते. पहिल्या रांगेतल्या एक बाई हातानं खुणा करायला लागल्या. मला वाटलं, आवाज येत नाहीये. मी जोर वाढवला. गाणं संपल्यावर खाली पाहिलं तर गिटारच्या मानेवर रक्त होतं, करंगळीपासून पार खालपर्यंत ओघळलेलं. तारेनं बोट कापलं होतं आणि मला पत्ता नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. रक्त सांडून वाजवलं, याचा मला गर्व वाटला. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला असं वाटतं.

जखम तीन आठवडे भरली नाही. मग एके सकाळी मी दुधाचं पातेलं उतरवत होते आणि आई ओरडली. माझी करंगळी गरम काठाला टेकली होती. कातडी पांढरी पडली होती. मी आईकडे पाहत विचारलं, "काय झालं?"

त्या क्षणी आम्ही दोघी घाबरलो.

कापूस

सरकारी दवाखान्याची त्वचारोगाची ओपीडी. डॉक्टर माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी चट्टा पाहिला आणि म्हणाल्या, "डोळे मिट. मी कापसानं स्पर्श करीन. जिथे कळेल तिथे उजव्या हाताचं बोट ठेव."

मी डोळे मिटले. कपाळावर स्पर्श झाला, मी बोट ठेवलं. डाव्या दंडावर झाला, ठेवलं. मग काहीच होईना. मी वाट पाहत राहिले. वाटलं, त्या कुणाशी तरी बोलतायत, काहीतरी लिहितायत. शेवटी मी विचारलं, "सुरू करायचं ना?"

"झालं," त्या म्हणाल्या. "उघड डोळे."

शेजारी उभी असलेली आई रडत होती. कापूस चट्ट्यावरून, करंगळीवरून चार-पाच वेळा फिरला होता. ते आईनं पाहिलं, मी नाही.

डॉक्टरांनी माझ्या कोपराच्या आतल्या हाडामागे बोटांनी चाचपलं. तिथली नस सुजून जाड झाली होती. मी स्वतः हात लावून पाहिला. माझ्या गिटारच्या सगळ्यात जाड तारेपेक्षाही ती जाड लागली. मग त्यांनी तो शब्द उच्चारला. आवाज न उतरवता, दार न लावता. त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. ज्या शब्दासाठी दार लावतात, तो शब्द आयुष्यभर बंद खोलीत राहतो.

"हा आजार पूर्ण बरा होतो," त्या म्हणाल्या. "गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तुझ्यापासून कुणाला लागण होणार नाही. घरच्यांची तपासणी करून घेऊ."

"आणि बोट? मी गिटार वाजवते."

त्यांनी माझी करंगळी हातात घेतली. "आजाराची खात्री देते. नसेची आत्ता देता येत नाही."

बाहेर कॉरिडॉरच्या भिंतीवर एक पिवळं पत्रक चिकटवलं होतं. 'अंगावरील बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष करू नका. लपवू नका.' खाली बारीक अक्षरांत आमच्या छापखान्याचं नाव. आरोग्य कर्मचाऱ्यांनी दिलेल्या मजकुरात 'मेलेला चट्टा' असं होतं. तो शब्द मीच लाल पेनानं खोडला होता आणि वर 'बधिर' लिहिलं होतं. छापताना कुणी दीर्घ 'बधीर' करू नये म्हणून समासात तंबीसुद्धा दिली होती. त्या वेळी माझ्या हातावर चट्टा होता. मी तो शब्द शुद्ध केला, वाचला नाही.

कप

घरी दोघांचीही तपासणी झाली. आई, पप्पा ठीक. तरी दुसऱ्या दिवशी माझा कप फडताळाच्या वेगळ्या फळीवर होता. ताट, पेला, चमचा, सगळं वेगळं.

"काहीच दिवस गं," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी शांतपणे बोलायला हवं होतं. बोलले नाही. म्हणाले, "आई, आजोबांना चांदवडच्या हॉटेलात चहा कशात द्यायचे?"

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आजोबांना बाहेर उभं करून करवंटीत वरून चहा ओतायचे. आईच ती सांगायची, दरवर्षी, भाच्यांना समोर बसवून.

आई ओट्याला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "ते घाणेरडेपणानं करायचे. मी भीतीनं केलं."

"कप तोच असतो, आई."

मला त्या वाक्याचा अभिमान नाही. खरं होतं, पण बाणासारखं सोडलं होतं. आजारी माणसाला आपण बरोबर असण्याची फार घाई असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई माझ्या कपातून चहा पीत होती. माझा चहा तिच्या कपात ओतून ठेवला होता.

पप्पांचं वेगळंच. ते माझ्याशी उलट जास्त मायेनं वागायला लागले, पण फोनवर विचारणाऱ्यांना सांगायचे, "नसेचा थोडा त्रास आहे." एकदा मी विचारलं, "पप्पा, पिवळ्या पत्रकातलं दुसरं वाक्य काय होतं?"

त्यांना आठवत होतं. 'लपवू नका.' ते म्हणाले, "तुझं वय काय, लोक कसे... मला आधी सवय होऊ दे."

आयुष्यभर माईकवर बोललेला माणूस सवय मागत होता. मी चिडले. आणि मग दोन महिने मीही क्लासमधल्या सगळ्यांना 'नसेचा त्रास'च सांगितला. सरांनाही. पप्पांना भित्रं म्हणायचा माझा हक्क तिथे संपला.

वॉर्ड

औषधं सुरू झाल्यावर लघवी लाल होते. मला आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. तुम्हाला मी सांगतेय. कातडी काळवंडते, नंतर उजळते. पावसाळ्यात माझी नस अचानक जास्त सुजली. कोपरापासून विजेसारखी कळ निघाली आणि दोन दिवसांत करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही पुढच्या पेरांत वाकून आकडा झाली. सरळ होईनात. मला भरती केलं. ज्या नसेला तारेचं कापणं कळलं नाही, ती स्वतःच्या कळेनं मला रडवत होती.

वॉर्डचा दिवस साडेपाचला झाडूनं सुरू व्हायचा. मग चहा, मग थर्मामीटर, मग हात झोळीत बांधून बसून राहणं. सूज उतरवायला दिलेल्या स्टेरॉइडनं भूक खवळायची. मी तीन-तीन पोळ्या खाऊन शेजारच्या खाटेवरच्या मावशींच्या डब्याकडे बघायची. तोंड फुगलं. भेटायला आलेल्या शेजारीण काकू म्हणाल्या, "बरी दिसतेस, अंग धरलंस." आई आणि मी त्या गेल्यावर इतक्या हसलो की सिस्टर रागावल्या.

पण भीती होतीच. मी उजव्या हातानं डावी करंगळी सरळ धरायची आणि सोडायची. सोडली की ती परत वाकायची. बोटांनी गाणं विणायला डाव्या हाताची चारही बोटं लागतात. करंगळी नसली तर माझी निम्मी गाणी नाहीत. मी मनात एकेक गाणं घेऊन बघायची, हे जाईल, हे जाईल, हे कदाचित राहील.

सूज उतरल्यावर रोज अकराला फिजिओथेरपी. तिथे गावित मॅडम होत्या, मूळच्या सुरगाण्याच्या. हात कोमट पाण्यात वीस मिनिटं, मग खोबरेल तेल, मग बोटं एकेक करून सरळ करायची. आणि रोज डोळ्यांनी हात तपासायचा. "तुझं बोट आता तुला काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तू त्याला बघायचं. रोज. आरशात तोंड बघतेस तसं."

तिथेच दळवी मामा भेटले. तेही सुरगाण्याकडचे, साठीचे. पावसाळ्यात घरची नागली, बाकी वर्षभर दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरी. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकलेली. फार उशिरा आले होते.

मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मामा, इतके दिवस दाखवलं का नाही? पत्रकं लावली होती ना गावोगाव?"

"लावली व्हती. पिवळी. मी वाचलंय ना. चौथी शिकेल हाय मी."

"मग?"

"त्यात बधिर लिव्हेल व्हतं. बधिर म्हंजे बहिरा. मला वाटलं, ज्याला ऐकू नाय येत त्याच्या आंगावर चट्टा पडतो. माझे कान चांगले हायेत. म्या म्हनलं, आपलं काय नाय."

गावित मॅडम हसल्या. मामाही हसले. मला हसता आलं नाही.

"तुमच्याकडे काय म्हणतात मामा? असं झालं तर?"

"मेलेलं. चामडी मेली म्हनत्यात. लहान पोराला बी कळंल."

मी त्यांना सांगितलं. तो शब्द त्या कागदावर होता, मी खोडला. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी आपला हात कोमट पाण्यातून काढला, टॉवेलला पुसला आणि म्हणाले, "शिकेल मानसाचं असंच असतं पोरी. आता परत लिव्ह."

इतकंच. माझ्या आयुष्यात माझ्यावर झालेली ही सगळ्यात कडक टीका होती आणि ती करताना ते माझ्याकडे टॉवेल पुढे करत होते.

ठिबकची नळी

वाकलेलं बोट सरळ राहावं म्हणून त्याला आधार बांधतात. गावित मॅडम तो ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचा बनवायच्या. बोटाएवढा तुकडा कापायचा, उभा चिरायचा, कडा घासायच्या, पट्टीनं बोटाला बसवायचा. नळी दळवी मामा बागेतून आणायचे. "द्राक्षाला पानी देती, बोटाला बी देईल," म्हणायचे.

घरी आल्यावर दिवसातले बरेच तास ती नळी करंगळीवर असायची. गिटार कपाटावर होती. दोन महिने मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. एका दुपारी आई शाळेच्या ऑफिसात कामावर होती, पप्पा छापखान्यात. मी गिटार उतरवली. वाजवायला नाही, पुसायला. मांडीवर घेऊन डावा हात मानेवरून फिरवला आणि करंगळीवरची नळी तारांवर टेकून घसरली.

आवाज आला. मांजरानं झोपेत आळस द्यावा तसा. एका सुरातून निघून मधल्या सगळ्या सुरांना पुसत दुसऱ्यापर्यंत गेलेला.

मी परत केलं. नळी दाबायची नव्हती, फक्त टेकवायची होती. दाबायची ताकद माझ्या करंगळीत नव्हतीच. सरळ राहणं तिला जमत नव्हतं. नळी तिला सरळ ठेवत होती. वाकलेल्या बोटाला जे शिक्षा म्हणून घातलंय असं मला वाटत होतं, तेच तारेवर चालत होतं.

मी सरांना फोन लावला आणि काही न बोलता फोन गिटारपाशी धरला.

सर बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "कुठून शिकलीस?"

"ठिबकच्या नळीतून."

आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. नसेचा त्रास नव्हे, खरं नाव. मला वाटलं, संपलं. सर म्हणाले, "म्हणजे मी तुला शाब्बास म्हणालो होतो." त्यांचा आवाज बदलला होता. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते लाल इलेक्ट्रिक गिटार पाठीवर घेऊन आले. अ‍ॅम्प्लिफायर स्कूटरवर पुढे बांधलेला.

"तीन कॉर्डचं रडगाणं ना?" ते म्हणाले. "बस."

त्यांनी मला सांगितलं की दुसऱ्याच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं हे संगीत. त्यातले कितीतरी जण बाटलीची मान, चाकूचं पातं, पाइपचा तुकडा, जे हाताला लागेल ते तारेवर घासून वाजवायचे. मी गिटारची शुद्धता सांभाळत बसले होते आणि हे संगीत माझ्या आजोबांच्या करवंटीच्या नात्यातलं निघालं. मला माझी लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं.

इलेक्ट्रिकवर हलका स्पर्श पुरतो. नळी नुसती टेकली तरी अ‍ॅम्प्लिफायर सूर धरून ठेवतो. पोलादी तारा बोटात रुतवायच्या नाहीत, म्हणजे न कळता कापायची भीतीही कमी. सरांनी तारा थोड्या उचलून घेतल्या. माझा उजवा हात शाबूत होता. इतकी वर्षं शिकलेलं त्याचं काम नको असलेल्या तारा गप्प करायला उपयोगी पडलं. सूर अचूक लागायला मात्र गिटारच्या मानेवरच्या आडव्या सळ्यांची मदत नाही. नळी केसभर इकडेतिकडे झाली तर बेसूर. आणि बोटाला कळत नाही ती कुठे आहे.

"मग कशानं कळणार?" मी वैतागून विचारलं.

"कानानं," सर म्हणाले. "बोट बहिरं आहे. तू नाहीस."

दळवी मामांनी त्या शब्दाचा जो अर्थ लावला होता, तो अखेर माझ्याच कामी आला.

तांबट

प्लास्टिकचा आवाज दबका येतो. काच किंवा धातू हवा. गावित मॅडमनी काचेला साफ नकार दिला. फुटली तर मला कळणार नाही. म्हणून मी जुन्या नाशकातल्या तांबट आळीत गेले. हंडे-घागरींच्या ठोक्यांत एका काकांनी पितळी नळीचा तुकडा शोधून दिला. कशासाठी ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कापला, कानशीनं घासला, माझ्या करंगळीत घातला.

"टोचतंय का कुठे?"

"मला कळणार नाही, काका. बोट मेलेलं आहे." हा शब्द मी पहिल्यांदाच मोठ्यानं वापरत होते. "कुष्ठरोग झालाय. औषध चालू आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या बोटातून नळी काढून स्वतःच्या करंगळीत घातली. मोठी करंगळी, अर्ध्यावर अडकली. फिरवली, डोळे मिटून कडेवरून गोल फिरवली. "इथे टोचतंय," म्हणाले आणि पुन्हा घासायला बसले. असं तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी नळी पुढे केली.

"आता नाही टोचत. मी सांगतो ना."

मी दवाखान्यातल्या सगळ्या गोळ्यांचे आभार मानते. पण त्या आळीत एका अनोळखी माणसानं माझ्यासाठी आपलं बोट वापरलं, तेव्हा मला बरं वाटायला सुरुवात झाली.

हात

गेल्या हिवाळ्यात आमच्या विहाराच्या हॉलमध्ये मी लाल गिटार वाजवली. पुढच्या खुर्च्यांवर दळवी मामा आणि गावित मॅडम. मामांच्या हातात छापखान्यातून निघालेलं नवं पत्रक होतं. त्याचं प्रूफ मी त्यांच्याकडूनच तपासून घेतलं होतं. त्यांनी एक शब्द खोडला, मी निमूट खोडू दिला. त्यावर आता एवढंच आहे: 'अंगावर मेलेला चट्टा आहे? दुखत नाही? म्हणूनच दाखवा.'

पप्पा माईकपाशी गेले. ओळख करून द्यायची होती. त्यांनी घसा साफ केला, कागद उघडला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाले, "माझ्या मुलीला कुष्ठरोग झाला. मी सहा महिने तुम्हाला खोटं सांगितलं. आता ती वाजवेल."

हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. दोन माणसं उठून गेली, हेही लिहिलं पाहिजे. बाकीची बसली. मी वायर जोडली आणि लहानपणचंच एक जयंतीचं गाणं धरलं, पण आता ते सरळ चालत नव्हतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी पितळी नळी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची, हुंदक्यासारखी, कधी टोमण्यासारखी. पूर्वी मी ते गाणं निर्दोष वाजवायची. त्या दिवशी दोन ठिकाणी सूर हलला. मामांनी मान डोलावली ती नेमकी तिथे.

संपल्यावर लोक भेटायला आले. आई सगळ्यांना बाजूला सारत आली. लहानपणापासून ती विचारायची, "दुखलं का गं?" आणि मी म्हणायची, "नाही." आता आम्हा दोघींना माहीत आहे की या उत्तराला काही अर्थ नाही.

तिनं विचारलं नाही. माझ्या करंगळीतून नळी काढली, चष्मा वर सरकवला, हॉलच्या ट्यूबखाली बोट धरलं आणि एकेक पेर उलटसुलट करून पाहिलं. नखाखाली, बाजूनं, टोकाला. लोक बघत होते. तिनं त्यांच्या देखत बोटाला तेल लावलं. पर्समध्ये बाटली होती.

दुखत नाही, असं मी आता कुणाला सांगत नाही. मी हात पुढे करते.